कोणत्याही पुस्तकात नसलेले उत्तर

परीक्षांचे निकाल लागले की आपल्या बेटावर घरोघरी एकच विषय निघतो. कोणाच्या मुलाला किती गुण मिळाले, कोणत्या कॉलेजात जागा मिळाली, ट्यूशनवर किती रुपये गेले. आम्ही शिक्षकही या बोलण्यात सामील असतो, कारण आमची किंमतही याच निकालावरून ठरते. आज मात्र वाचकांपुढे एका निराळ्या परीक्षेची हकीकत ठेवावयाची आहे. या परीक्षेला माणूस बसत नाही, त्याची कल्पना बसते. शाळेच्या परीक्षेत उत्तर पुस्तकाशी जुळले म्हणजे गुण मिळतात. या परीक्षेत ते कोणत्याही जुन्या पुस्तकाशी जुळले की उमेदवार नापास! हिला पेटंटची परीक्षा म्हणतात.

हकीकतीची सुरुवात जपानमधील कोबे बंदरापासून करू. १९९५ च्या जानेवारीतील भूकंपामुळे या शहराचे नाव आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांवर आले. १८६८ साली ते परदेशी व्यापाराला खुले झाले, आणि तेव्हापासून आपल्या पोर्ट लुईप्रमाणे बोटींवर आणि गोदीवर वाढले. भारतीय व्यापाऱ्यांची वस्तीही तेथे जुनी आहे. कोबेच्या मित्सुबिशी गोदीत विजेची यंत्रे तयार करणारा एक कारखाना होता. १९२१ साली तो वेगळा काढून मित्सुबिशी इलेक्ट्रिक ही कंपनी उभी राहिली. तिचा पहिला मोठ्या खपाचा माल म्हणजे विजेचा पंखा. पुढे १९६८ साली याच कंपनीच्या यामागामी आणि आकागिरी या दोघांनी जपानच्या पेटंट कार्यालयात एक अर्ज केला. १९७२ साली, म्हणजे जपानी गणनेप्रमाणे शोवा ४७ मध्ये, तो ४७-२१७३९ या क्रमांकाने छापला गेला.

अर्ज कशाचा होता हे समजण्यासाठी उसाच्या शेतातील पाटाचे दार डोळ्यांपुढे आणावे. पाटाचे पाणी त्या दाराने सोडायचे आणि अडवायचे. विजेच्या मोठ्या प्रवाहालाही असे दार लागते, आणि ते एका सेकंदात हजारो वेळा उघडावे आणि मिटावे लागते. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९५७ साली आणलेला थायरिस्टर हे असे एक दार होते. सिलिकॉनचे चार थर एकावर एक. प्रवाह मोठा पेलतो, परंतु एकदा उघडला की पाटातील पाणी आटेपर्यंत मिटत नाही. त्यानंतर १९६० च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत मॉस जातीचा ट्रान्झिस्टर तयार झाला. त्याचे दार जणू एका बोटाने हलते. नुसत्या व्होल्टेजच्या इशाऱ्याने ते उघडते आणि मिटते. पण जास्त व्होल्टेज अडवण्यासाठी तो बनवावा तर त्याचा अंगचाच विरोध वाढतो आणि वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

पहिल्याचे बळ आणि दुसऱ्याचा हलकेपणा एका वस्तूत कसा आणावा, हा प्रश्न होता. आज त्या वस्तूला आय.जी.बी.टी., म्हणजे इन्शुलेटेड गेट बायपोलर ट्रान्झिस्टर, असे नाव आहे. ती ज्या रीतीने चालते ती रीत प्रथम १९६८ च्या त्या अर्जात मांडली गेली, असे मानले जाते. विजेवर चालणारी मोटार, सौर पॅनेलची वीज तारांत सोडणारा इन्व्हर्टर, कारखान्यातील मोटारींचा वेग सांभाळणारी यंत्रे, या सर्वांत ही वस्तू दडलेली असते. १९९९ साली सुरू झालेल्या ७०० मालिकेच्या शिंकान्सेन गाड्या नव्या कोबे स्थानकातून धावू लागल्या, त्याही हिच्याच जोरावर.

आता परीक्षक काय करतो ते पाहू. समजा, अशा वस्तूचा अर्ज त्याच्या टेबलावर आला. अर्जाच्या शेवटी ‘दावा’ असतो. आपण नेमके काय नवे केले हे अर्जदाराने त्यात मोजक्या शब्दांत लिहावयाचे असते. परीक्षक प्रथम विचारतो, चार थर? ते थायरिस्टरपासून ठाऊक आहेत. वर विद्युतरोधक पापुद्रा आणि त्यावर गेट? तेही मॉस ट्रान्झिस्टरात आहे. मग दोन जुन्या वस्तू जोडताना, या धंद्यातील कोणाही जाणत्या माणसाला सहज सुचणार नाही असे तुम्ही काय केलेत? हे विचारण्यापूर्वी त्याने जुनी पेटंटे आणि अनेक देशांतील नियतकालिके धुंडाळलेली असतात. एखाद्या कोपऱ्यातील मासिकात तीच गोष्ट आधी छापलेली सापडली, तर अर्जदाराची कंपनी कितीही मोठी असो, दावा टिकत नाही.

जपानमध्ये पेटंटचा कायदा १८ एप्रिल १८८५ रोजी जाहीर झाला. ताकाहाशी कोरेकियो हे या कार्यालयाचे पहिले प्रमुख. पुढे १९२१ साली ते देशाचे पंतप्रधान झाले. आजच्या नियमाप्रमाणे अर्ज केल्यापासून तीन वर्षांच्या आत परीक्षेची मागणी करावी लागते, नाहीतर अर्ज मागे घेतला असे समजतात. परीक्षकाला आक्षेप असला तर तो कारणांसह लेखी कळवतो, आणि जपानी अर्जदाराला उत्तरासाठी साठ दिवस मिळतात. या उत्तरात दावा आखडता घेता येतो, शब्द अधिक नेमके करता येतात. मात्र पहिल्या दिवशी अर्जात नव्हते असे काही मागाहून घुसडता येत नाही. तरीही नकार आला तर वरच्या मंडळाकडे दाद मागता येते. आमच्या शाळेतील परीक्षेत नापास मुलाला आपले कोठे चुकले हे तरी इतक्या सविस्तर कोण सांगतो?

एका वाक्यावर किती अवलंबून असते याचे उदाहरण पाहा. अमेरिकेत आर.सी.ए. कंपनीच्या हान्स बेके आणि कार्ल व्हीटली यांनी मार्च १९८० मध्ये याच जातीच्या वस्तूसाठी अर्ज केला, आणि डिसेंबर १९८२ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. थर चारच होते. परंतु त्यांच्या दाव्याचे मर्म असे, की ही वस्तू कोणत्याही परिस्थितीत चालवली तरी थायरिस्टरसारखी वागणार नाही. म्हणजे उघडलेले दार अडकून बसणार नाही. वस्तू काय करते याइतकेच, ती काय करीत नाही हे सांगणेही येथे मोलाचे ठरले.

जनरल इलेक्ट्रिकमध्ये जयंत बालिगा यांनी ही वस्तू प्रत्यक्ष करून दाखवली, १९८२ साली तिच्यावर निबंध वाचला, आणि १९८३ साली कंपनीने ती बाजारात आणली. पुढे १९८४ साली जपानच्या तोशिबा कंपनीतील नाकागावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दार अडकण्याचा दोष काढून टाकलेली रचना दाखवली. बालिगांचा जन्म चेन्नईचा, बालपण बंगळूरजवळचे. २०२४ साली त्यांना फिनलंडचे मिलेनियम टेक्नॉलॉजी पारितोषिक मिळाले. हे आडनाव कानांवर पडताच आपल्याला कोकणपट्टी आठवते आणि छाती फुगते. फुगावी, त्यात गैर काही नाही. पण शोध एकट्या ‘आपल्या’ माणसाचा, असे सभेत ठोकून देण्यापूर्वी कागद पाहावेत. कल्पना १९६८ ची, दाव्यातील मर्माचे वाक्य १९८० चे, बाजारातील माल १९८३ चा, दोषाचा बंदोबस्त १९८४ चा. कागद जपून ठेवले आहेत म्हणूनच प्रत्येकाच्या पदरात त्याचे श्रेय पडते, आणि कोणाचाही मान कमी होत नाही.

कागदाचे हे मोल आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचते. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याच्या उपायाला पेटंट मिळाले. भारतातील वैज्ञानिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, त्याला हरकत घेतली. माशेलकर हे गोव्यातील माशेलचे. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात परदेशातील नुसती चाल पुरावा म्हणून चालत नसे. लिहिलेले किंवा छापलेले लागे. ‘आमची आजी हळद लावायची’ एवढे म्हणून भागले नसते. परिषदेने जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एका वैद्यकीय मासिकातील लेख पुढे ठेवला, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. आजी खरी होती, पण खटला जिंकला तो लिहिणाऱ्याने.

पेटंटविरुद्ध आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. एकाच कंपनीच्या हाती वस्तू राहिली की ती महाग होते. म्हणूनच भारताने १९७० च्या कायद्यात औषधांना, त्यांची कृती वगळता, पेटंट देण्याचे बंद केले होते. २००५ साली ते पुन्हा सुरू झाले. परंतु या सौद्याची दुसरी बाजूही पाहावी. मक्तेदारी साधारणपणे अर्जापासून वीस वर्षांची, आणि तिच्या बदल्यात आपली युक्ती दुसऱ्याला करता येईल इतकी उघड लिहून द्यावी लागते. मुदत संपली की ती सर्वांची होते.

आपले बेटही आता या व्यवहारात उतरले आहे. २०१९ चा औद्योगिक संपदा कायदा २०२२ पासून लागू झाला, आणि मार्च २०२३ पासून मॉरिशस आंतरराष्ट्रीय पेटंट सहकार्य कराराचा सदस्य आहे. आपल्या मुलाला काही सुचले तर येथून एक अर्ज करून अनेक देशांत हक्क राखून ठेवता येतो. परीक्षा मात्र प्रत्येक देश आपापली घेतो. दार उघडले आहे. आत जाणारे मूल आपण तयार करीत आहोत काय?

आम्ही आमच्याच वर्गाकडे पाहून उत्तर देतो. मराठीच्या तासाला ‘माझी आई’ हा निबंध सांगितला तर वीस वह्यांत एकच आई सापडते. ती पहाटे उठते, सर्वांसाठी राबते, आणि शेवटच्या ओळीत तिला वंदन होते. हा निबंध ट्यूशनमध्ये पाठ झालेला असतो. आम्हीही त्याला चांगले गुण देतो, कारण त्यात चूक नसते. पेटंटच्या परीक्षकापुढे या वीस वह्या ठेवल्या तर पहिली वही पाहून तो उरलेल्या एकोणीस परत करील.

याचा अर्थ पाठांतर सोडावे असा नव्हे. जुने काय आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला आपले नवे कोणते हे कसे कळणार? परीक्षक स्वतः मोठा वाचक असतो. पाढे, व्याकरण, विज्ञानाचे नियम हे सर्व हवेच. पण तेथे थांबून चालणार नाही. म्हणून आमची शिक्षकबंधूंना आणि भगिनींना विनंती आहे, की आठवड्यातून एकदा तरी मुलांना परीक्षकाचे तीन प्रश्न विचारावेत. हे आधी कोणी सांगितले आहे काय? तुझ्या लिहिण्यात निराळे काय आहे? आणि तू लिहिलेले वाचून दुसऱ्याला ते करता येईल काय?

पालकांनीही एक करावे. आपल्या घरातील आजी कोणता काढा कसा करते, गणपतीत म्हटली जाणारी झाकरीची कोणती गाणी आजोबांना येतात, उसाच्या शेतात कोणती युक्ती चाले, हे मुलांकडून लिहवून घ्यावे. तारीख घालावी, सांगणाऱ्याचे नाव लिहावे, आणि वही जपून ठेवावी. तिच्यातून उद्या पेटंट निघेलच असे नाही, आणि निघाले नाही तरी बिघडत नाही. मुलाला स्वतः पाहिलेले स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची सवय लागेल, आणि त्या वहीत सापडणारी आई दुसऱ्या कोणाच्या वहीतली नसेल.