पॉइंट टू-टूचं वय



तुमच्यापैकी कितीजणांनी लहानपणी बीएसएची सायकल चालवली आहे? आमच्या निपाणीत एकेकाळी दर चार घरांआड एक तरी असायची. आता दुसरा प्रश्न. बीएसए म्हणजे काय? बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स! १८६१ साली इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या बंदूक कारागिरांनी एकत्र येऊन काढलेली ही कंपनी. सायकली आणि मोटरसायकली नंतर आल्या. कंपनीच्या जुन्या चिन्हात एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका दिसतात, त्या उगाच नाहीत.

आमच्या घरात याच कंपनीची एक वस्तू आहे, फक्त तिला चाकं नाहीत. बीएसएची पॉइंट टू-टू टार्गेट रायफल, मार्टिनी पद्धतीची. आजोबांनी १९५५ साली घेतलेली. तंबाखूच्या व्यापाऱ्याला निशाणेबाजीचं वेड कुठून लागलं ते आजीलाही कधी कळलं नाही. गेल्या महिन्यात बाबांनी मला विचारलं, "ही तू घेणार काय? का जमा करून टाकू?" दादा अमेरिकेत आहे, त्याने फोनवरच "जमा करा" सांगून टाकलं. राहिले मी. बेळगावात नोकरी, घरात साडेचार वर्षांची मुलगी, आणि बंदूक म्हटल्यावर देवघराकडे बघणाऱ्या सासूबाई. उत्तर द्यायच्या आधी मी नीट विचार केला. आजचा लेख म्हणजे तो विचारच आहे.

आधी ही रिमफायर भानगड काय, ते सांगते. काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली एक कड असते, तिला रिम म्हणतात. मोठ्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या मधोमध बसवलेल्या टोपीत असतो. पॉइंट टू-टूमध्ये तो या पोकळ कडेतच भरलेला असतो. टाचणी कडेवर आदळते, कड चेमटते, मसाला पेटतो. म्हणून एकदा उडालेलं काडतूस पुन्हा भरता येत नाही. फ्रान्सच्या फ्लोबेरने १८४५ च्या सुमारास दिवाणखान्यात गंमत म्हणून नेम मारायला असलं चिमुकलं काडतूस केलं. अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने १८५७ मध्ये पॉइंट टू-टू शॉर्ट आणलं आणि १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने लाँग रायफल. आज ऑलिंपिकमध्ये जे काडतूस वापरतात ते हेच, १८८७ चं. मी ज्या क्षेत्रात काम करते तिथे दहा वर्षं जुन्या गोष्टीला "लेगसी" म्हणून नाक मुरडतात. म्हणून हे साल वाचून मी थोडा वेळ गप्पच बसले होते.

इतकं जुनं काडतूस टिकलं कसं? कारणं अगदी साधी आहेत. गोळी मऊ शिशाची, वर मेणाचा किंवा ग्रीसचा हात फिरवलेली, वजन अडीच ग्रॅमच्या थोडं वर. नळीत दाब कमी, उष्णता कमी. स्पर्धेची काडतुसं आवाजाच्या वेगाहून थोडी हळू जातील अशीच बनवतात, म्हणजे वाटेत आवाजाचा टप्पा ओलांडताना गोळी डगमगत नाही. धक्का जवळजवळ नाही. अशी गोळी नळीला घासून खात नाही, त्यामुळे नीट ठेवलेली नळी पिढ्यान्‌पिढ्या चालते. जुन्या रायफलींचा खरा शत्रू होता सुरुवातीच्या काळातला मसाला. तो उडाल्यावर मागे क्षार राहायचे आणि नळी आतून गंजायची. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात न गंजवणारा मसाला आला आणि त्यानंतरच्या रायफलींचं आयुष्य बदललं.

आता आमच्या रायफलीकडे येऊ. तिला मॅगझिन नाही. खालचा तरफेसारखा दांडा ओढला की आतला ठोकळा खाली जातो, एक काडतूस ठेवायचं, दांडा बंद. एका वेळी एक. ही मार्टिनी रचना मुळात ब्रिटिश फौजेच्या मार्टिनी-हेन्री बंदुकीची. १८७१ मध्ये ती फौजेत आली आणि हिंदुस्थानातही फिरली. पुढे बोअर युद्धात ब्रिटिशांना आपल्या लोकांच्या नेमाची काळजी वाटू लागली. मग लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या प्रोत्साहनाने गावोगाव छोट्या रायफलींचे क्लब निघाले आणि त्या क्लबांसाठी बीएसएने हीच रचना पॉइंट टू-टूत आणली. तिचा फायदा असा, की टाचणीला फार थोडं अंतर कापायचं असतं. चाप दाबल्यापासून काडतूस पेटेपर्यंतचा वेळ जितका कमी, तितका तुमचा हात हलायला अवसर कमी. नेमबाजीत सगळा खेळ या क्षणाचा आहे. जर्मनीच्या अ‍ॅन्शुट्झ कंपनीने १९५४ मध्ये आणलेली मॅच ५४ ही बोल्टची रचना याच वेडातून आली, आणि तिच्या पुढच्या आवृत्त्या आजही स्पर्धांमध्ये दिसतात. म्हणजे या खेळात "जुनं" आणि "कालबाह्य" हे दोन वेगळे शब्द आहेत.

आपल्याकडे या रायफलींना आणखी एका कारणाने किंमत आली. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करणं बंद झालं. ती मुभा मुख्यतः नामवंत नेमबाजांपुरती उरली. त्यामुळे ज्या घरात जुनी बीएसए किंवा अ‍ॅन्शुट्झ आहे तिथे ती दुरुस्त करून, तेल लावून जपली जाते.

आमच्या रायफलीबरोबर एक जुनी रद्द झालेली परवाना-पुस्तिका आहे. मला रायफलीइतकीच ती आवडते. पहिला शिक्का मुंबई राज्याचा. १ नोव्हेंबर १९५६ नंतरचे शिक्के म्हैसूर राज्याचे. १९७३ नंतर कर्नाटक. आजोबा निपाणीतल्या त्याच वाड्यात, त्याच खोलीत होते. रायफलही त्याच कपाटात होती. राज्यं मात्र तीन झाली. सीमाभागातल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही! बाबांच्या तरुणपणी कोल्हापुरात स्पर्धा असली की आधी परवाना कुठल्या हद्दीपर्यंत चालतो ते बघायचं. कोगनोळी ओलांडली की दुसरं राज्य. चाळीस किलोमीटरवरच्या गावाला जायला अख्ख्या भारताचा परवाना.

पण याच चाळीस किलोमीटरवर आपल्या भागाचं भाग्यही आहे. २०१० च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने म्युनिकमध्ये ५० मीटर रायफल प्रोनचं, म्हणजे पडून नेम मारायच्या प्रकाराचं, जागतिक अजिंक्यपद जिंकलं. नेमबाजीत जगज्जेती होणारी ती पहिली भारतीय महिला. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते. त्या दिवशी बाबांनी कपाट उघडून रायफल टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बघ, ह्याच काडतुसानं मारलंय पोरीनं." पुढे १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं, ४५१.४ गुणांनी. गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून असा तिन्ही प्रकारे नेम मारायचा खेळ. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. म्हणजे ७२ वर्षांनी. आणि या सगळ्याच्या मुळाशीही एक मराठी नाव आहे. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया १९५१ मध्ये स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा नवे नेमबाज आजही खेळतात.

५० मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ केवढं असतं माहीत आहे? १०.४ मिलिमीटर. शर्टाचं बटण घ्या, जवळपास तेवढं. गोळी ५.६ मिलिमीटरची. मी एनसीसीत असताना २५ यार्डांवर पाच गोळ्या मारल्या होत्या. लक्ष्य जवळ, आणि तरीही पाचही गोळ्या तळहाताखाली झाकल्या गेल्या याचाच मला केवढा आनंद! त्या दिवशी कळलं की यात जोर, राग, घाई यातलं काही कामाला येत नाही. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, चाप इतक्या हळू दाबायचा की गोळी कधी सुटली ते आपल्यालाच कळू नये. अंजली भागवतही मुंबईत एनसीसीतूनच या खेळाकडे वळली.

यातली दुसरी बाजू लपवायची नाही. पॉइंट टू-टू छोटी असली तरी ती बंदूक आहे. तिची गोळी दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते आणि जीव घेऊ शकते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याआधी आपल्या भागात सशांवर, पाखरांवर याच रायफली चालल्या. आजोबांच्या काळात शिकारीच्या गोष्टी अभिमानाने सांगितल्या जात, मला त्या ऐकवत नाहीत. म्हणूनच बाबांनी २०२० मध्ये जे केलं त्याचं मला जास्त वाटतं.

झालं असं, की २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं. जास्तीची वर्षभरात जमा करायची. बाबांकडे तीन होत्या: शेतात रानडुकरांसाठी आजोबांची डबल बार, व्यापारासाठी पैसे नेताना घेतलेलं रिव्हॉल्व्हर आणि ही पॉइंट टू-टू. गंमत म्हणजे मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याने नेमबाजीच्या सरावासाठी वापरलेली पॉइंट टू-टू कायद्याने या मोजणीतून वगळली आहे. पण गुडघे दुखायला लागल्यापासून बाबांनी क्लब सोडला होता. एक जमा करणं भाग होतं. सगळ्यांना वाटलं, जुनाट रायफल जाणार. बाबांनी रिव्हॉल्व्हर जमा केलं, तिन्हींत सगळ्यांत महाग तेच. मामांनी कारण विचारलं तर म्हणाले, "ते माणसाच्या भीतीनं घेतलेलं होतं. हिच्यावर कुणाचीच भीती न्हाई."

मला वाटतं या जुन्या रायफलींची ओढ लागते ती याच वाक्यामुळे. त्या कुणाविरुद्ध बनलेल्या नाहीत. कागदावरच्या एका काळ्या ठिपक्यासाठी बनल्या आहेत. अक्रोडाचा दस्ता आजोबांच्या गालाने गुळगुळीत झाला, मग बाबांच्या. आणि सत्तर वर्षांनंतरही बाबांनी चांगल्या काडतुसांनी मारलं तर भोकं एकमेकांना चिकटतात. कुठल्या कंपनीची, कुठल्या घाणीतली काडतुसं तिला मानवतात हे शोधायलाच बाबांची दोन वर्षं गेली. सगळा मसाला त्या कडेतच असल्यामुळे तो कडेभर सारखा पसरला तरच गोळी सारख्या वेगाने सुटते. म्हणून एकाच कंपनीच्या दोन घाण्यांतही फरक पडतो. सगळं यंत्र आपल्याला समजतं, उघडून बघता येतं, हे सुख माझ्या पेशात आता फार मिळत नाही.

तर मी काय ठरवलं? घेतली. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारक सत्तरीला पोहोचला, किंवा त्याच्याकडे ती बंदूक पंचवीस वर्षं असली, तर तो हयातीतच ती वारसाच्या नावे करू शकतो. वारसाला स्वतःचा परवाना काढावा लागतो, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, पोलीस चौकशी होते. हे सगळं असावंच. घरात अट सासूबाईंनी घातली आणि मला ती पटली: भिंतीत बसवलेलं लोखंडी कपाट, बोल्टने जखडलेलं. रायफल रिकामी. काडतुसं दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या मुलीला ठाऊक नसलेल्या जागी. क्लबचा अर्जही भरला आहे, कारण जी रायफल वर्षातून एकदाही रेंजवर जाणार नाही ती घरात ठेवण्यात मलाही अर्थ दिसत नाही.

चौकशीला आलेल्या हवालदारांनी विचारलं, "मॅडम, तुम्हाला कशाला पाहिजे ओ?" मी म्हटलं, "नेमबाजीला." त्यांनी मान वर करून एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे बघितलं, मग कन्नडमध्ये एक ओळ लिहिली आणि चहा घेतला.

मंडळी, तुमच्याही घरात आजोबांची बंदूक कपाटात पडून असेल तर आधी कागद बघा. परवान्याची मुदत, नूतनीकरण, कुणाच्या नावावर आहे. घरातलं वडीलधारं माणूस हयात असतानाच हे बोलून घ्या, कारण नंतर कागदांपेक्षा भावकीतली भांडणं मोठी होतात. आणि कुणी घ्यायला तयार नसेल तर रीतसर जमा करण्यातही कमीपणा नाही.

बाबा आता मला दर रविवारी पडून नेम धरायला शिकवतात. हॉलमधल्या सतरंजीवर, रिकाम्या रायफलीने, समोरच्या भिंतीवर बटण चिकटवून. अजून तरी माझी माशी बटणावर तीन सेकंदांच्या पुढे टिकत नाही.

पुढच्या महिन्यात भेटूच.