अटर्नी जनरल नक्की कोणाचा वकील?

मंडळी, 3 नोव्हेंबरच्या निवडणुकीबद्दल थोडं बोलायचंय. गव्हर्नर कोण, सेनेटर कोण, यावर आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज हाणामारी चालते. पण त्याच मतपत्रिकेवर खाली टेक्सासच्या अटर्नी जनरलची निवड आहे. तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

नवल नाही म्हणा. महाराष्ट्रात महाधिवक्ता राज्यपाल नेमतात, म्हणजे व्यवहारात सरकारच नेमतं. त्यासाठी आपण कधी रांगेत उभे राहिलो नाही. इथे मात्र 50 पैकी 43 राज्यांत हा माणूस थेट मतदार निवडतात. टेक्सासमध्ये मुदत 4 वर्षांची. 2015 पासून या पदावर असलेले केन पॅक्सटन यंदा सेनेटच्या रिंगणात उतरले, त्यामुळे इथे आता नवा माणूस येणार.

या पदाचं काम काय? खून-दरोड्याचे खटले सहसा काउंटीचा डिस्ट्रिक्ट अटर्नी चालवतो. अटर्नी जनरलकडे असतं ग्राहकांची फसवणूक रोखणं, चाइल्ड सपोर्टची वसुली आणि सरकारी कागद लोकांना दाखवायचे की नाही याचा निर्णय. फेब्रुवारी 2021 ची ती थंडी आठवतेय ना? ग्रिडी कंपनीच्या ग्राहकांना हजारो डॉलरची वीजबिलं आली. त्या कंपनीवर दावा लावला तो याच ऑफिसने.

दुसरं काम म्हणजे केंद्राशी कोर्टात भांडणं. ओबामा-बायडेनच्या काळात टेक्सास दाव्यांवर दावे लावत होतं, ट्रम्प आल्यावर डेमोक्रॅट राज्यं तेच करतात. जानेवारी 2025 मध्ये जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर आदेश निघाला. त्यात एच-वनवर असलेल्या आईबापांची इथे जन्मणारी बाळंही येत होती. दुसऱ्याच दिवशी 22 राज्यांचे अटर्नी जनरल कोर्टात गेले. टेक्सास त्यांत नव्हतं. हे बरोबर की चूक, ज्याचं त्याने ठरवावं. पण "आपल्याला काय त्याचं?" असं कोणी म्हणू नये.

माझं म्हणणं एवढंच, की पक्ष बघून शिक्का मारायचं हे पद नाही. गणपतीत उमेदवार आरतीला आले तर फोटो जरूर काढा, पण एक प्रश्नही विचारा: "तुमच्याच पक्षाचा गव्हर्नर कागद दडवत असेल, तर ते उघडे करायला लावाल का?" उत्तर देताना जो चाचरतो, तो पक्षाचा वकील. आपल्याला जनतेचा वकील हवाय.

आणि हो, एका बटणावर सगळ्या पक्षाला मत द्यायची सोय टेक्सासने 2020 पासून बंद केली. त्यामुळे खालपर्यंत जाऊन प्रत्येक नाव स्वतः निवडावं लागतं. नोंदणी मतदानाच्या 30 दिवस आधी व्हायला हवी. ज्यांना मत आहे त्यांनी अर्ज आजच भरा. आपल्यातल्या कित्येकांना अजून मत नाही. या खुर्चीवर कोण बसतो याची झळ मात्र त्यांनाही लागते.