आशाताईंच्या वाटेवरचा अडसर

हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी राज्यातील ज्या दहा वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन केले, त्यांत हिंगोलीचे नाव होते. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला पाव शतकानंतर ते लाभले, याचा आनंद आम्हालाही आहे. परंतु रुग्णालय जितके डॉक्टरांवर चालते तितकेच, आणि रात्रीच्या वेळी तर त्याहून अधिक, परिचारिकांवर चालते. त्या परिचारिका कोठून येणार, याची चर्चा मात्र कानी येत नाही.

औंढा, सेनगाव, कळमनुरीच्या खेड्यांत या कामाचा पाया ज्यांनी अनुभवातून घातला आहे अशा स्त्रिया आहेत. त्या म्हणजे आशा. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने त्यांच्यासाठी निकष घातला: त्याच गावची रहिवासी, विवाहित, विधवा, घटस्फोटित वा परित्यक्ता, वय २५ ते ४५. दवाखान्यात बाळंतपण झाले तर पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा आणि घरी झाले तर सात वेळा बाळंतिणीकडे जायचे, बाळाचे वजन करायचे, अंगात ताप आहे का पाहायचे, धोक्याचे लक्षण दिसताच दवाखान्यात न्यायचे. या सगळ्या फेऱ्यांचा मिळून मोबदला ठरला अडीचशे रुपये. पगार नाही, कारण सरकारी दप्तरी ती 'स्वयंसेविका'! अशा योजनांतील स्त्रियांना कामगार माना, अशी शिफारस भारतीय श्रम परिषदेने २०१३ साली केली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. गौरवाचे फोटो छापून आले. शिफारस धूळ खात पडली.

आता यांपैकी एखादीने ठरविले की आपण रीतसर परिचारिका व्हावे, तर काय होते? एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा. दोन्हींना बारावी हवी आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाने वय पस्तिशीच्या आत हवे. एएनएम झालेल्या स्त्रीला जीएनएमसाठी वयाची अट नाही. म्हणजे जी शिडीवर चढली आहे तिला सूट, आणि जी वीस वर्षे शिडी धरून खाली उभी आहे तिला मज्जाव. चाळिशीत आशा होता येते, परिचारिका होता येत नाही, यातील तर्क आम्हाला उमगत नाही. ज्या पस्तिशीच्या आत आहेत त्यांच्यापुढे दुसरी भिंत आहे. अनेकींची शाळा आठवी-दहावीला सुटलेली. आणि पूर्णवेळ शिकायचे तर मोबदला बुडतो, हळदीच्या रानातली मजुरीही बुडते.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांनी पुण्यात सेवासदन उभारले आणि विधवांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठविले. प्रौढ स्त्रियांचे वर्ग, वसतिगृह आणि रुग्णालयातील शिक्षण ही तिन्ही एकत्र आली म्हणूनच ते साधले. एका खाजगी संस्थेला शतकापूर्वी जमले ते आज शासनाला जड का जावे?

दर्जा घसरेल, असे कोणी म्हणेल. परीक्षा तीच ठेवा, गुण तेच ठेवा. आमचे काही म्हणणे नाही. आशा म्हणून जितकी वर्षे काम केले तितकी वर्षे वयात सवलत द्या, एवढीच मागणी. ती परिषदेकडून मिळवायला वेळ लागेल. पण मुक्त विद्यालयातून बारावी करण्याचे शुल्क, शिक्षणकाळात बुडणाऱ्या मोबदल्याइतके विद्यावेतन आणि लेकुरवाळीला चालेल असे वसतिगृह यांसाठी राज्य सरकारला दिल्लीकडे पाहण्याचे कारण नाही. पुढे जीएनएम झालेल्या स्त्रीला दोन वर्षांत बी. एस्‌सी. नर्सिंगही करता येते. तो रस्ता आजच खुला आहे.

हिंगोलीतील कार्यकर्त्यांनी आता प्राथमिक आरोग्य केंद्रांवरील आशांच्या मासिक बैठकांना जावे. बारावी झालेल्या किती, पस्तिशीच्या आतल्या किती, शिकण्याची इच्छा असलेल्या किती, याची गाववार यादी करावी, आणि पुढच्या प्रवेशाआधी ती जिल्हा परिषदेच्या टेबलावर ठेवावी.