पाहुणा परततो, कचरा गावात उरतो : दुर्गम भागांतील होमस्टेपुढचा अनुत्तरित प्रश्न

नवी दिल्ली : ग्रामीण भागात रोजगारनिर्मितीचे साधन म्हणून होमस्टे, अर्थात घरगुती निवासव्यवस्थेला देशभर प्रोत्साहन दिले जात आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात होमस्टेसाठी मुद्रा कर्जाची घोषणा करण्यात आली. धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियानात आदिवासी भागांत एक हजार होमस्टे उभारण्याचे उद्दिष्ट असून, नव्या बांधकामासाठी पाच लाख आणि नूतनीकरणासाठी तीन लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. हिमाचल प्रदेशाने २००८ मध्ये, तर उत्तराखंडने २०१८ मध्ये स्वतंत्र योजना आणल्या. महाराष्ट्रातही ‘निवास व न्याहारी’ योजना आणि २०२० चे कृषी पर्यटन धोरण त्याच दिशेचे आहे. या साऱ्या प्रयत्नांत खोल्या, खाटा आणि स्वच्छतागृहे यांचा बारकाईने विचार झाला. पाहुणा परतल्यानंतर मागे राहणाऱ्या कचऱ्याचे काय करायचे, या प्रश्नाला मात्र त्या मानाने फारच थोडे स्थान मिळाले आहे.

शहरातील हॉटेलच्या दाराशी घंटागाडी येते. दुर्गम गावात ती येत नाही, आणि या प्रश्नाचे मूळ तेथेच आहे. हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातील किब्बर, लांगझा, कॉमिक ही गावे समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून अधिक उंचीवर आहेत. येथील पारंपरिक घरात टाकाऊ असे फारसे काही नसे. उष्टे-खरकटे जनावरांना, शेण आणि राख शेताला, कोरड्या शौचालयातील मैलाही खत होऊन शेतातच, असे ते चक्र होते. पर्यटकासोबत पाण्याच्या बाटल्या, वेफर्स आणि नूडल्सची पाकिटे, बाळांचे डायपर, सॅनिटरी पॅड, निकामी बॅटऱ्या आल्या. पाहुण्यांच्या सरबराईसाठी यजमान जो वाणसामान आणतो, तोही आता वेष्टनातच येतो. या वस्तूंना गावच्या चक्रात जागा नाही.

अशा वेळी यजमानापुढे तीनच पर्याय उरतात : जाळणे, पुरणे किंवा दरीत लोटणे. शेगडीत किंवा उघड्यावर कमी तापमानाला प्लास्टिक जाळले की विषारी वायू सुटतात आणि घरातली माणसेच ते आधी श्वासात घेतात. पुरलेला कचरा बर्फ वितळताना किंवा पावसाळ्यात उघडा पडून ओढ्याला मिळतो. त्याच ओढ्याचे पाणी खालचे गाव पिते. उघड्यावर टाकलेल्या अन्नावर भटक्या कुत्र्यांची संख्या वाढते. लडाख आणि स्पितीत अशा कुत्र्यांच्या टोळ्या शेळ्या-मेंढ्यांवर आणि वन्यप्राण्यांवरही हल्ले करतात. ज्या हिमबिबट्याच्या ओढीने पाहुणा येतो, त्याच्या अधिवासावर पाहुण्याच्याच उष्ट्याने संकट यावे, हा विरोधाभास आहे.

कायद्याची चौकट या वास्तवापर्यंत उशिरा पोहोचली. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ चा भर प्रामुख्याने नागरी संस्थांवर होता. डोंगरावर कचराभूमी टाळावी आणि त्यासाठी पायथ्याच्या सपाट प्रदेशात २५ किलोमीटरच्या आत जागा शोधावी, असे त्यात नमूद होते. स्पितीसारख्या खोऱ्यात २५ किलोमीटरच्या आत सपाट प्रदेश सापडणेच कठीण. १ एप्रिल २०२६ पासून अंमलबजावणीसाठी अधिसूचित झालेल्या नव्या नियमांनी ग्रामीण स्थानिक संस्थांनाही कक्षेत घेतले आहे. ओला, सुका, स्वच्छताविषयक आणि विशेष काळजीचा असे कचऱ्याचे चार भाग करणे त्यांनी बंधनकारक केले. डोंगराळ भागांत आणि बेटांवर पर्यटकांकडून शुल्क घेण्याचा आणि कचरा हाताळण्याच्या क्षमतेनुसार पर्यटकांची संख्या नियंत्रित करण्याचा अधिकारही स्थानिक संस्थांना दिला.

तरीही एक फट उरते. ‘मोठा कचरानिर्माता’ ठरवताना दिवसाला १०० किलो कचरा हा एक निकष आहे. चार-पाच खोल्यांचे होमस्टे त्याच्या जवळपासही जात नाही. परंतु एकाच गावात वीस होमस्टे असतील आणि प्रत्येकाचा कचरा दिवसाला पाच किलो धरला, तरी गावावर १०० किलोंचा भार पडतो. एवढा कचरा एका हॉटेलने केला असता तर ते मोठ्या निर्मात्याच्या निकषात बसले असते आणि त्याच्यावर प्रक्रियेची जबाबदारी आली असती. वीस घरांत विभागला गेल्यावर तो कोणाचाच राहत नाही. अनेक राज्यांत होमस्टेला वीज आणि पाण्यासाठी घरगुती दराची सवलत मिळते, आणि ग्रामीण कुटुंबाच्या दृष्टीने ती रास्तही आहे. मात्र दर घराचा आणि कचरा हॉटेलचा, ही विसंगती ग्रामपंचायतीच्या माथी पडते.

ग्रामपंचायतीची झोळी मुळात लहान आहे. स्वच्छ भारत अभियानाच्या (ग्रामीण) दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी दरडोई ६० रुपयांपर्यंत निधीची तरतूद करण्यात आली. घनकचरा आणि सांडपाणी मिळून गावाला किमान एक लाख रुपये वापरण्याची मुभाही देण्यात आली. हा हिशेब गावच्या रहिवाशांचा आहे. तीनशे वस्तीच्या गावाचा घनकचऱ्याचा दरडोई हिस्सा १८ हजार रुपये होतो. त्या गावात हंगामात हजारो पाहुणे येऊन गेले तरी हा आकडा बदलत नाही. तालुका पातळीवर प्लास्टिक प्रक्रिया केंद्रासाठी १६ लाख रुपयांपर्यंतची तरतूद त्याच टप्प्यात होती. पण गावातून त्या केंद्रापर्यंत कचरा नेणाऱ्या गाडीचे भाडे कोणी द्यायचे, हा खर्च वर्षानुवर्षे चालणारा आहे.

खरी अडचण या वाहतुकीच्या गणितात आहे. भंगारवाला धातू, पुठ्ठा आणि काही प्रमाणात बाटल्या उचलतो. काच जड आणि स्वस्त असते. लांब घाटरस्त्याचे भाडे तिच्या किमतीहून अधिक होते. अनेक थर चिकटवून केलेल्या खाऊच्या पाकिटांना तर बाजारभावच नाही. २०१८ पासून हिमालयीन राज्यांत होत असलेल्या स्वच्छता मोहिमांत मोजदाद केलेल्या कचऱ्यात खाद्यपदार्थ आणि पेयांच्या वेष्टनांचे प्रमाण सर्वाधिक आढळले असून, त्यातील बराचसा भाग पुनर्चक्रणास अयोग्य होता. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या एकल वापर प्लास्टिकबंदीत प्लेट, पेले, चमचे, स्ट्रॉ अशा वस्तू आहेत. पाण्याची बाटली आणि वेफर्सचे पाकीट तिच्या बाहेरच राहिले.

कोकणाची स्थिती तुलनेने सुकर आहे. उष्ण-दमट हवेत ओल्या कचऱ्याचे खत लवकर होते आणि भंगाराची बाजारपेठ जवळ आहे. सिंधुदुर्गातील वेंगुर्ले नगरपरिषदेने काटेकोर वर्गीकरणाच्या बळावर आपल्या कचरा डेपोचे पर्यटनस्थळात रूपांतर करून दाखवले. मात्र वेंगुर्ल्यात नगरपरिषदेची यंत्रणा होती. किनाऱ्यावरील लहान ग्रामपंचायतींकडे ती नसते. उंच पर्वतात तर थंडीमुळे जिवाणूंचे काम मंदावते आणि साध्या खतखड्ड्यालाही अनेक महिने लागतात. त्यामुळे एकच आराखडा देशभर लादून चालणार नाही.

देशात यशस्वी ठरलेले उपाय मात्र आहेत. उत्तर सिक्कीममधील लाचेन गावाने २०१२ मध्ये बाटलीबंद पाण्यावर बंदी घातली. तेथील ‘झुम्सा’ या पारंपरिक ग्रामसभेने ती राबवली, आणि दहा वर्षांनी, जानेवारी २०२२ पासून, संपूर्ण राज्याने तोच मार्ग धरला. पर्यटकांच्या वाहनांत कचऱ्याची पिशवी ठेवणेही सिक्कीमने २०२४ मध्ये सक्तीचे केले. हिमाचलने २०२५ मध्ये टॅक्सी आणि बसगाड्यांत कचरापेटी बंधनकारक करून ती नसल्यास दहा हजार रुपयांच्या दंडाची तरतूद केली. तमिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात २०२२ मध्ये मद्याच्या बाटलीमागे दहा रुपये अनामत घेऊन रिकामी बाटली परत केल्यावर ती परत देण्याची पद्धत सुरू झाली. जंगलात पडणारी काच त्यामुळे दुकानाकडे परतू लागली. गोव्यानेही २०२४ मध्ये अनामत-परतावा योजना अधिसूचित केली आहे.

या उदाहरणांत होमस्टेचालकांसाठी एक महत्त्वाचा बोध आहे. एकट्या यजमानाने पाहुण्याला ‘आपला सुका कचरा परत घेऊन जा’ असे सांगणे अवघड असते. पैसे मोजणारा पाहुणा नाराज होतो, आरक्षणाच्या संकेतस्थळावर प्रतिकूल अभिप्राय लिहितो, आणि पुढचे पाहुणे शेजारच्या घरी जातात. नियम गावाचा असेल तर यजमानाला वाद घालावा लागत नाही आणि शेजाऱ्यालाही त्याचा लाभ उठवता येत नाही. लाचेनची बंदी टिकली ती या सामूहिक बळावर.

खर्चाचा प्रश्नही त्याच मार्गाने सुटू शकतो. लडाखमध्ये हिमबिबट्या संवर्धनाशी जोडलेल्या होमस्टे उपक्रमात उत्पन्नाचा सुमारे दहा टक्के हिस्सा गावच्या संवर्धन निधीला देण्याची पद्धत आहे. त्याच धर्तीवर प्रत्येक मुक्कामामागे ठरावीक रक्कम आरक्षणाच्या दरातच समाविष्ट करता येईल आणि गावातील सर्व होमस्टे मिळून एक कचरानिर्माता मानता येतील. मग महिन्यातून एक गाडी खाली पाठवणे आवाक्यात येते. पाहुणे सोडून रिकाम्या परतणाऱ्या टॅक्सीतून सुका कचरा तालुक्यापर्यंत नेता येतो. त्यासाठी तालुक्याला तो स्वीकारणारे केंद्र असायला हवे. नाही तर गावाची दरी वाचते आणि रस्त्याकडेची दरी भरते. डायपर आणि सॅनिटरी पॅड पाहुण्याच्या सामानातून किंवा प्रवासी टॅक्सीतून परत पाठवणे व्यवहार्य नाही. त्यांच्या शास्त्रशुद्ध विल्हेवाटीची सोय शासनालाच करावी लागेल.

आदिवासी होमस्टे योजनेत गावाच्या सामुदायिक गरजांसाठी पाच लाख रुपयांपर्यंत वेगळी तरतूद आहे. नव्याने पर्यटनाच्या नकाशावर येणाऱ्या गावांनी त्यातून आधी वर्गीकरणाची शेड आणि कचरा दाबून गठ्ठे बांधण्याचे यंत्र घेतले, तर पहिल्या पाहुण्याच्या आधी व्यवस्था उभी राहील. जुन्या ठिकाणी नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ त्यासाठी योग्य आहे. खोल्या आणि स्वच्छतागृहे तपासणाऱ्या अधिकाऱ्याने त्याच भेटीत सुका कचरा कोठे जातो हे विचारले आणि त्याची पावती पाहिली, तर निम्मी अंमलबजावणी तेथेच होईल.