साल फेकू नका, पण घाईने कारखानाही काढू नका

पिंपरीच्या मंडईत किंवा चाकणच्या रस्त्यावर रात्री दहाच्या सुमारास एखाद्या ज्यूसवाल्याच्या गाड्याशेजारी उभे राहून पाहावे. डाळिंबाच्या सालींनी भरलेली पोती उष्ट्या ग्लासांसह आणि चहाच्या चोथ्यासह एकाच ढिगात पडलेली असतात. सकाळी घंटागाडी ती उचलते आणि मोशीच्या कचरा डेपोचा रस्ता धरते. फळाचे पैसे मोजताना आपण सालीचेही पैसे मोजलेले असतात, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.

बागवान मंडळींसाठी ही गोष्ट नवी नाही. युनानी औषधांच्या दुकानात सुकलेली डाळिंबाची साल ‘पोस्त-ए-अनार’ म्हणून विकली जाते, तर रंगाऱ्यांच्या बाजारात तिला ‘नासपाल’ म्हणतात. तुरटीबरोबर ती कापडाला पिवळा रंग देते आणि लोखंडाच्या पाण्याबरोबर काळपट हिरवा. जुलाबावर आणि हिरड्यांच्या दुखण्यावर हकीम-वैद्य ती पूर्वीपासून देत आले आहेत. आजच्या रसायनशास्त्रानुसार या सालीत टॅनिन जातीची द्रव्ये भरपूर असतात. त्यांतले प्रमुख द्रव्य प्युनिकॅलाजिन. आंब्याच्या सालीत आणि कोयीत मँगिफेरिन असते, तर संत्र्याच्या सालीत हेस्पेरिडिन आणि पेक्टिन. युरोपात लिंबूवर्गीय फळांच्या सालीपासून पेक्टिन काढण्याचा धंदा कित्येक वर्षे चालू आहे. सोलापूर येथे 2005 मध्ये डाळिंबासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. म्हणजे माल आपल्याकडे आहे आणि माहितीही जवळच आहे.

मग अडते कुठे? आमच्या मते अडचण यंत्राची नाही, सवयीची आहे.

भंगाराच्या धंद्यातला कोणताही अनुभवी माणूस तांबे आणि पितळ एकत्र विकत नाही. वेगळे केले की भाव, मिसळले की माती. सालीलाही हाच नियम लागू आहे. ओल्या सालीत सुमारे 70 टक्के पाणी असते. उन्हाळ्यात ती एक-दोन दिवसांत बुरसते, आणि बुरसलेल्या मालातून औषधी अर्क निघत नाही, विष मात्र निघू शकते. म्हणून खरी किंमत पहिल्या काही तासांतच ठरते. साल स्वच्छ पिंपात वेगळी ठेवणे, धुणे, बारीक चिरणे आणि 60 अंशांपेक्षा कमी उष्णतेवर कडक वाळवणे, एवढे काम साधले तरी निम्मा धंदा झाला.

हिशेब साधा आहे. 100 किलो ओल्या सालीतून 25 ते 30 किलो सुकी साल मिळते. एका गाड्यावर दिवसाला 10 किलो साल निघाली तर हाती तीन किलोही सुका माल येत नाही. एकट्याला हे परवडणार नाही. 10-20 दुकानदारांनी मिळून एक वाळवण केंद्र चालवले तरच गाडी-भाडे सुटेल. येथे आपल्या कारागिरांनाही काम आहे. भोसरीच्या शेडमध्ये पत्रा वाकवणारा आणि स्टेनलेस स्टील जोडणारा माणूस ट्रेचा ड्रायर बनवू शकतो. 1954 मध्ये याच पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. बुरशीच्या द्रावणातून पेनिसिलिन वेगळे काढणारी ही भूमी आहे. तिला सालीचा अर्क जड का जावा?

तरीही आमचा सल्ला असा, की अर्काच्या कारखान्यात लगेच पैसा घालू नका. अर्क बहुधा पाणी आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात काढतात. त्यासाठी परवाने लागतात आणि आगीचा धोका असतो. ज्यांना अल्कोहोल नको, त्यांना नुसत्या गरम पाण्यानेही अर्क काढता येतो, पण उतारा आणि शुद्धता तपासूनच भाव मिळतो. शिवाय डाळिंबावर औषधांची फवारणी होते आणि तिचा अंश सालीवर राहतो. खरेदीदार प्रयोगशाळेचा दाखला मागणारच. म्हणून आधी ग्राहक ठरवा. युनानी व आयुर्वेदिक औषधे बनवणारे, नैसर्गिक रंगाचे काम करणारे, अर्क काढणारे कारखाने यांना किलोभर नमुना दाखवा. त्यांची ओलाव्याची आणि शुद्धतेची अट लिहून घ्या, मगच ड्रायरची ऑर्डर द्या.

आणखी एक इशारा. पुडीवर ‘साखर बरी होते, कॅन्सर जातो’ असे छापून विकण्याचा मोह टाळावा. सालीत गुण आहेत, पण प्रयोगशाळेत दिसलेला गुण आणि माणसाचा बरा झालेला आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोट्या दाव्याने एकदा नाव गेले की सगळ्यांचाच माल पडून राहील.

उद्यापासून निदान एक काम करता येईल. सालीसाठी वेगळे पिंप ठेवा आणि महिनाभर वजन लिहा. ती वही हातात असेल तर शेजारच्या दुकानदाराशीही बोलता येईल आणि बँकेशीही.