मागचा हॉर्न ऐकू येईल एवढंच गाणं

दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचे बॉयलर पेटले की नीरा-बारामती रस्त्याचा आवाज बदलतो. सोमेश्वरनगर, माळेगाव आणि इंदापूर तालुक्यातलं भवानीनगर इथल्या गव्हाणींकडे ऊस निघतो आणि वडगाव निंबाळकर, कोऱ्हाळे, पणदरे या गावांच्या दारावरून दिवसरात्र ट्रॅक्टर जाऊ लागतात. अंधारात समोरच्या ट्रॅक्टरचा दिवा दिसण्याआधी त्याचं गाणं कानावर येतं. कधी आनंद शिंदे, कधी अजय-अतुल, कधी नुसताच डीजेचा ठोका. रस्त्याकडेला घर असलेल्यांची झोप मोडते, मागून येणारा दुचाकीवाला हॉर्न देऊन देऊन थकतो आणि मग एकच मागणी होते, ट्रॅक्टरवरचे टेप काढून टाका.

ही मागणी अर्धीच बरोबर आहे. आवाज कमी झालाच पाहिजे. गाणं मात्र राहिलं पाहिजे, कारण उसाच्या वाहतुकीत चालकाच्या सोबतीला दुसरं कुणी नसतं.

ट्रॅक्टरवरचा टेप जवळून पाहिला की सगळा घोळ लक्षात येतो. हुडाखाली, चालकाच्या डोक्यामागे फळी ठोकून तिच्यावर वूफरची पेटी बसवलेली असते. दोन्ही मडगार्डांवर एकेक स्पीकर, सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर, बॅटरीपासून ओढलेली वायर आणि स्टिअरिंगशेजारी खोचलेला पेन ड्राइव्ह. स्पीकरची तोंडं बहुतेक वेळा मागे नाहीतर बाहेर. म्हणजे गाणं चालकापेक्षा रस्त्यालाच जास्त ऐकू जातं. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरना बंद केबिन नसते. भार ओढताना चालकाच्या कानाशी इंजिनाचा आवाज नव्वद डेसिबलच्या घरात जातो. त्यावर गाण्याचे शब्द ऐकू यायचे तर बटण आणखी पुढे फिरवावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबलचा फक्त ४ तास आणि १०० डेसिबलचा जेमतेम २० मिनिटं. उसाच्या ट्रॅक्टरवरचा माणूस आठवड्याची ही मर्यादा पहिल्याच रात्री ओलांडून जातो. शेजारच्या गावाच्या झोपेची काळजी व्हायलाच हवी, पण सगळ्यात मोठा घाला त्याच्या स्वतःच्या कानांवर पडतो आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

शिवाय हे कान त्याला कामासाठी लागतात. मागे दोन ट्रॉल्या, दोन्हीत मिळून वीस टनांच्या आसपास ऊस, मोळ्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेल्या. आरसा असला तरी त्यात ऊसच दिसतो. मागे रुग्णवाहिका आहे, शाळेची गाडी आहे की दुधाचा टेम्पो, हे कळायला दुसरा मार्ग नाही. ट्रॅक्टरवाल्याचा कान हाच त्याचा खरा आरसा आहे आणि ठणाणा लावलेलं गाणं त्या आरशावर कापड टाकतं.

मग तो एवढ्या मोठ्याने का लावतो? मिरवायची हौस असते, नाही म्हणता येत नाही. पण मुख्य कारण झोप. फडावर ट्रॉल्या भरायच्या, वजनकाट्यावर रांगेत लागायचं, नंबर येईपर्यंत यार्डात थांबायचं, गव्हाणीवर ऊस खाली करून रिकाम्या ट्रॉल्या घेऊन पुन्हा फड गाठायचा. झोप मिळेल तेव्हा आणि मिळेल तिथे, कधी सीटवर तर कधी ट्रॉलीखाली. पहाटे तीनला डोळे मिटायला लागले की हात आपोआप टेपच्या बटणाकडे जातो.

इथे गाण्यावर भलताच भरवसा टाकला जातो. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठाच्या लुईस रेनर आणि जिम हॉर्न यांनी १९९८ साली झोपाळलेल्या चालकांवर प्रयोग करून पाहिला. रेडिओ आणि तोंडावर गार वारा यांचा उपयोग थोडा वेळच होतो, तोही बेताचाच, असं त्यांना आढळलं. खरी कामाला आली ती पंधरा मिनिटांच्या आतली डुलकी आणि कॉफी, हे त्यांच्याच आधीच्या अभ्यासातून पुढे आलं होतं. गाणं कंटाळा घालवतं. झोप घालवायला झोपच लागते. म्हणून कारखान्याच्या यार्डात चालकांसाठी अंग टाकायला बरी जागा आणि रात्रभर चहा मिळणं, हे टेपवर दंड करण्याइतकंच तातडीचं काम आहे.

आता गाण्याकडे वळू. आवडतं गाणं आणि गाडी चालवताना लावायचं गाणं ही एकच गोष्ट असल्याचं सगळे धरून चालतात. तसं नसतं. इस्रायलच्या बेन गुरिअन विद्यापीठातले वॉरन ब्रॉडस्की या विषयावर वर्षानुवर्षं काम करत आहेत. नक्कल-गाडीवरच्या त्यांच्या प्रयोगात गाण्याची लय जसजशी वाढत गेली तसतसा चालकांचा वेगही वाढला आणि जलद लयीत लाल दिवा ओलांडण्याच्या चुका जास्त झाल्या. पुढे २०१३ मध्ये त्यांनी ८५ नवशिक्या तरुण चालकांना खऱ्या रस्त्यावर पाहिलं. स्वतःच्या पसंतीची गाणी लावली तेव्हा त्यांच्या चुका वाढल्या, गाडीसाठी मुद्दाम बांधलेलं संगीत लावलं तेव्हा त्या कमी झाल्या. ज्या गाण्यावर पाय थिरकतात, त्यावर अ‍ॅक्सिलेटरवरचा पायही थिरकतो, हे इथल्या कुठल्याही जुन्या ड्रायव्हरला प्रयोगाशिवाय ठाऊक आहे.

‘सैराट’चंच घ्या. हा सिनेमा या भागाचा आहे. उजनीचं पाणी ओलांडलं की इंदापूरपलीकडे करमाळा तालुका, जिथे त्याचं बरंचसं चित्रीकरण झालं. एप्रिल २०१६ मध्ये तो आला आणि त्या उन्हाळ्यात त्याच्या गाण्यांशिवाय एक वरात निघाली नाही. चारच गाणी, वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण थेट लॉस एंजेलिसला. मराठी सिनेमासंगीतात एवढ्या थाटाचं काम क्वचितच झालं असेल. पण त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं वरातीचं आहे, चाकावरचं नाही. नुकताच चौपदरी झालेला पाटस-बारामती-इंदापूर हा पालखी मार्ग समोर मोकळा असताना ते लावणं म्हणजे वेगाला आमंत्रण देणं. त्याच अल्बममधली संथ गाणी मात्र त्या रस्त्यावर फार शोभतात.

ट्रॅक्टरचं गणित आणखी वेगळं. डिझेल इंजिनाची घरघर मुख्यतः खालच्या पट्टीत असते. डीजे गाण्यांचा सगळा जोरही तिथेच, बेसमध्ये. दोघांची टक्कर होते आणि बेस ऐकू यावा म्हणून आवाज चढवत न्यावा लागतो. उलट माणसाच्या मोकळ्या, चढ्या गळ्यातला आवाज कान ज्या पट्टीत सगळ्यात तल्लख असतो तिथे जास्त भरतो. तो कमी आवाजातही इंजिनाच्या वर तरंगतो. म्हणून प्रल्हाद शिंदे! मंगळवेढ्याकडच्या या गायकाने कव्वालीच्या सामन्यांत आणि उघड्या मैदानांत गळा तयार केला होता. त्याची विठ्ठलाची गाणी जीपमध्ये, टपरीवर, दिंडीच्या ट्रकवर इतकी वर्षं वाजत आली, त्यामागे भक्ती आहेच, पण त्या आवाजाची ही ताकदही आहे. शाहीर साबळे, विठ्ठल उमप, लावणीच्या सुलोचना चव्हाण हे सगळे याच जातीचे. ध्वनिवर्धक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारी ही परंपरा आहे. ट्रॅक्टरवर तीच चालेल, आणि अर्ध्या आवाजात चालेल.

या गाण्यांना गावोगाव नेलं ते कॅसेटने. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि ‘नवीन पोपट हा’सारख्या कॅसेटा वडापच्या जीपमध्ये झिजेपर्यंत वाजल्या. साध्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची. वडगावहून निघालेली जीप बारामती गाठेपर्यंत साधारण एक बाजू संपायची. त्या काळाची आठवण नुसत्या हळवेपणापोटी काढलेली नाही. कॅसेटमध्ये गाण्यांचा क्रम ठरलेला असायचा. कोणत्या गाण्यानंतर कोणतं येणार, हे ड्रायव्हरला पाठ असायचं आणि त्याचा हात स्टिअरिंगवर राहायचा. पुढे मोबाइलच्या दुकानांतून मेमरी कार्डात शेकड्याने गाणी भरून मिळू लागली, आणि आता तर मोबाइलवर अंगठा फिरवत हवं ते गाणं शोधायची सोय झाली. चालत्या गाडीत ही सोय जिवावरची आहे. गाडी चालवताना अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावा, याचं सगळ्यात भक्कम कारण हेच.

चारचाकीत, काचा बंद करून जाणाऱ्यांसाठी निवड मोठी आहे. ‘गीत रामायण’ पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला सुरू झालं आणि वर्षाहून थोडा अधिक काळ आठवड्याला एक याप्रमाणे गदिमांची ५६ गाणी सुधीर फडक्यांनी बांधली. लांबच्या प्रवासाला त्याच्यासारखी सोबत नाही, कारण कथा पुढे सरकते आणि मैलही. ‘शिवकल्याण राजा’ हा १९७४ चा, राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीचा अल्बम. लता मंगेशकरांचा स्वर, हृदयनाथांचं संगीत, मध्ये बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. घाट चढताना तो ऐकावा. मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा १९९८ चा ‘गारवा’ पावसाळ्यापुरता उत्तम.

पण एकच निवडायचा तर या रस्त्यासाठी भीमसेन जोशींच्या अभंगांचा. पंडितजींना गाडीचं विलक्षण वेड होतं. कार्यक्रमाला ते स्वतः गाडी चालवत जायचे, रात्रीच्या रात्री प्रवास करायचे आणि गाडी बिघडली तर बॉनेट उघडून स्वतः हात घालायचे. राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांनी बांधलेल्या चालींवर त्यांनी गायलेले अभंग मध्य लयीत उभे राहतात. टाळ-पखवाजाचा ठेका सुटत नाही, धृपद पुन्हा पुन्हा येऊन मन जागेवर ठेवतं आणि तान आली तरी लय पळत नाही. चालण्यासाठीच हा प्रकार घडलाय. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवडी, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते ती याच गतीने. चाकांनाही ती मानवते.

बारामतीत विद्या प्रतिष्ठानचं ‘वसुंधरा वाहिनी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. अशा केंद्राची झेप दहा-पंधरा किलोमीटरची असली तरी हंगामात रात्रीची गाणी ऊसवाहतूकदारांसाठी निवडून वाजवणं त्याला जमण्यासारखं आहे. मध्येच कोणत्या कारखान्यावर किती रांग आहे, एवढं सांगितलं तरी कितीजण यार्डाऐवजी घरी झोप काढून निघतील. राहिला प्रश्न आवाजाचा. त्याचे नियम २००० सालापासून आहेत आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला मनाई आहे, हे चालकांनाही माहीत असतं. नुसता नियम वाचून दाखवून काही होत नाही.

हंगाम सुरू होताना कारखान्यावर ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात, तेव्हाच टेपचीही तपासणी व्हावी. वूफरची पेटी उतरवावी, मडगार्डांवरचे स्पीकर काढून एकच लहान स्पीकर चालकाच्या समोर, त्याच्याकडे तोंड करून बसवावा. त्याचा खर्च कारखान्याने उचलला तर उत्तमच. मग ट्रॅक्टर सुरू ठेवून प्रल्हाद शिंदे लावावेत आणि दुसऱ्या ट्रॉलीच्या मागे एक दुचाकी उभी करून हॉर्न द्यावा. चालकाने हात वर केला की बटण त्या जागी खूण करून ठेवावं आणि ट्रॅक्टर फडाकडे सोडावा.