प्रतीकाआधी घर

'वाडा हे ऱ्हास पावणाऱ्या सरंजामशाहीचे प्रतीक आहे.' महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'वर (१९८५) प्रश्न कोणताही विचारला तरी हे वाक्य उत्तरपत्रिकेत येतेच. वाक्य चुकीचे नाही, गुण द्यावेच लागतात. पण गाइडांतून आलेल्या या वाक्याने नाटकातले घरच नाहीसे केले आहे, असे आमचे मत आहे. प्रतीक गळत नाही, त्याच्या भिंतीला लोणा लागत नाही, त्याच्या दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा यावरून भावाभावांत अबोला येत नाही. घराचे मात्र हे सारे होते.

हे इतक्या खात्रीने म्हणण्याचे कारण, आमचे घर सध्या उघडे पडले आहे. अकोल्याच्या जुन्या शहरातले, मोर्णेच्या अलीकडचे, धाब्याचे घर. आम्हा दोघांपैकी एकाची नोकरी अमरावतीत, एकीची अकोल्यात. मध्ये शंभरेक किलोमीटर. सारे कुटुंब एकत्र असते ते रविवारी, आणि त्याच दिवशी मिस्त्री येत नाही. सहा दिवस घर गवंड्यांचे, एक दिवस आमचे, अशी वाटणी झाली आहे. गॅसची शेगडी ओसरीवर, पुस्तके सरकीच्या पोत्यांत, गाद्यांवर सिमेंटची भुकटी. मिस्त्रीला सुट्टी असली तरी सिमेंटला नसते. नव्या प्लास्टरला किमान सात दिवस ओल लागते, आणि अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की सकाळी मारलेले पाणी दहाच्या आत उडून जाते. नळ रोज येत नाही. त्यामुळे भांडी घासायची की भिंत भिजवायची, असा प्रश्न रविवारी पडतो आणि त्याचे उत्तर घरातल्या बायकांनाच द्यावे लागते.

घर पाडायला का लागले? वऱ्हाडात याचे उत्तर मातीपासून सुरू होते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर उभी केलेली उथळ पायाची भिंत वर्षानुवर्षे हलत राहते आणि कोपऱ्यांतून तडकते. त्यात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. जमिनीतला क्षार ओलीबरोबर विटेत चढतो, पाणी उडून जाते, क्षार मागे राहतो आणि वीट पावडर होऊन गळू लागते. याला लोणा म्हणतात. लोणा लागलेल्या भिंतीवर रंगाचे कितीही हात द्या, दोन पावसाळ्यांत ती पुन्हा दात दाखवते.

आता मराठी ललित गद्यातला वाडा आठवून पाहा. माजघराचा गारवा, देवळीतला दिवा, बंगईचा करकर आवाज आणि शेवटी 'आता ते सारे गेले' हा निःश्वास. हा निःश्वास लिहिणारा बहुधा पुण्या-मुंबईत स्थिरावलेला मुलगा असतो. मृगाच्या आधी धाब्यावर पांढऱ्या मातीच्या पाट्या वाहून नेणारी, पहिल्या पावसात रात्री उठून गळक्या जागी भांडी मांडणारी बाई तो लिहीत नाही. आमच्या आई त्या बाईंपैकी. आम्ही माजघराची दोन हात रुंद मातीची भिंत राखावी म्हणत होतो. उन्हात तिच्याइतके गार दुसरे काही नाही, हे आमचे म्हणणे भौतिकशास्त्रालाही मान्य आहे. आई एवढेच म्हणाल्या, "तुमाले गारवा पाह्यजे, मले खिडकी पाह्यजे. चाळीस वर्सं म्या अंधारात पोळ्या केल्या." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. (भिंत निम्मी राहिली, खिडकी झाली. तडजोड मिस्त्रीने सुचवली, समीक्षकांनी नव्हे.)

एलकुंचवार त्या निःश्वासवाल्यांत बसत नाहीत, म्हणूनच त्यांच्या नाटकाचे प्रतीकात गोठणे आम्हांला खटकते. धरणगावकर देशपांड्यांच्या वाड्यात पडझडीसाठी पैसा नाही, पण तात्याजींच्या तेरवीच्या गावजेवणासाठी मात्र तो उभा करावाच लागतो. अंगणात ट्रॅक्टर गंजत पडला आहे. घराची हमाली चंदूच्या वाट्याला, स्वयंपाकघर वहिनीच्या आणि निर्णय तिसऱ्याच कुणाचा. कष्ट, पैसा आणि अधिकार यांची ही विभागणी नाटककाराने डोळ्यांसमोर मांडली आहे. 'सरंजामशाही' हा शब्द उच्चारला की ती बघायची गरज संपते.

उलट बाजूने उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) घ्या. कौतिकजवळ वाडा नाही, ढासळायला वैभव नाही. घर म्हणजे रोज सकाळी नव्याने चालवायची गोष्ट. त्या कादंबरीला कुणी 'घराची कादंबरी' म्हणत नाही. दारिद्र्याची, फार तर स्त्रीच्या सोशिकतेची म्हणतात. चिरेबंदी असले तरच घर, हा आपल्या समीक्षेचा जुना समज इथे दिसतो. या दोन्ही वऱ्हाडी-वैदर्भी कृती एका तासिकेत शेजारी ठेवल्या, तर वहिनी आणि कौतिक यांच्यात बोलण्यासारखे पुष्कळ निघेल.

कुणी म्हणेल, साहित्य शिकवता की बांधकाम? शंका रास्त आहे. पण ओसरी, माजघर, न्हाणी, देवळी यांचे अर्थ आता वर्गात सांगावे लागतात. अर्थ सांगताना त्या जागी कोण बसे आणि कोणाला बसता येत नसे, हे सांगायचे नाही, तर कोश पुरे. 'लीळाचरित्रा'तली पटिशाळ शिकवतानाही विद्यार्थी आधी हेच विचारतात, की ती घराच्या आत की बाहेर?

पुढच्या सत्रात आम्ही 'वाडा चिरेबंदी'वर एक वेगळा स्वाध्याय देणार आहोत. पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत कोणते पात्र कोणते काम करते आणि कोणते पात्र एकही काम करत नाही, याची यादी करा. 'प्रतीक' हा शब्द वापरल्यास एक गुण कमी. उत्तरे आली की त्यांवर पुन्हा लिहू.